होळीनंतरची कुटारी

आमच्याकडे कुटारी नावाचा एक साप आहे आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही. मी चार पुस्तकं पाहिली. त्यातलं एक इंग्रजी होतं, त्याची नुसती चित्रं पाहिली. फुरसं आहे, मण्यार आहे, घोणस तर दोन पानं अडवून बसली आहे, पण ही नाही. केनवडच्या बाजारात एकदा वनखात्याचे एक साहेब भेटले होते. त्यांना मी बाटलीत ठेवलेली मेलेली कुटारी दाखवली. त्यांनी ती हातात न घेताच सांगितलं, फुरसं असेल. मी म्हटलं, साहेब, फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते, हिला नाही. साहेब म्हणाले, मग पुसली गेली असेल. सापाच्या डोक्यावरची खूण पाटीवरच्या पेन्सिलीसारखी पुसली जाते हे मला तोवर माहीत नव्हतं.

सोयाबीनचं कुटार ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हडंब्यात, म्हणजे मळणीयंत्रात, सोयाबीन घातलं की दाणे एकीकडे पडतात आणि शेंगांची टरफलं, काड्या, भुसा दुसरीकडे उडतो. ते कुटार. दिवाळीच्या आगेमागे शेतात त्याची गंजी लागते, आणि पुढे ढोरं ती महिनोन्महिने खातात. कुटारी राहते ती या गंजीत. हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड. रंग असा की तुम्ही तिच्यावर नजर रोखून बसलात तरी ती नजरेखालीच हरवते. अंगावर बारीक तांबूस ठिपके, सोयाबीनच्या शेंगेवर लव असते ना, तसे. शेपटीचं टोक मात्र पिवळं. बाकीची सगळी कुटारात, आणि तेवढं टोक वर काढून ती ते अळीसारखं वळवळवते. सरडा अळी खायला येतो आणि स्वतःच खाल्ला जातो. एका सकाळी मी अडीच तास बसून होते. तीन सरडे आले. पहिले दोन शहाणे निघाले.

चिडली की हीच शेपटी ती जोरात हलवते आणि कोरड्या कुटारात खुळखुळ वाजतं. आमच्या गावचे उकंडराव चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते म्हणतात, त्यांच्या लहानपणी हिला तागीण म्हणत, कारण तेव्हा ती तागात राहायची आणि तागाच्या वाळल्या शेंगेसारखीच वाजायची. सोयाबीन तर इकडे माझ्या लग्नाच्या आसपास आलं. म्हणजे आम्ही पीक बदललं, तिनं घर बदललं, अन् आम्ही तिचं नावही बदलून टाकलं. मला फार वाटायचं की तागात असताना तिचा रंग हाच होता का हे विचारावं. विचारलं. उकंडराव म्हणाले, "साप दिसला की आमी पळत होतो. रंग पाहाले कोण थांबते?"

हे सगळं मला कळलं ते चक्कीमुळे. माझी पिठाची चक्की आहे. दळण होईस्तोवर बायका थांबतात आणि चक्कीच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे तिथे गुपित असं काही राहत नाही. कुणाच्या गंजीत कुटारी निघाली, कुणाला चावली, कोणत्या बोटाला, किती वाजता, वारा कसा होता, हे मी विचारायची आणि पोराच्या उरलेल्या वह्यांत लिहायची. माझं शाळेतलं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण विचारायला सातवी पुरते.

लोक म्हणत, कुटारी बायकांनाच चावते, तिचा बायकांवर डूख आहे. यामागे एक सवतीची गोष्टही होती, फार रंगवून सांगत. मी पाहिलं तर पुरुष दाताळ्यानं वरून कुटार ओढतात आणि बायका टोपलं भरायला बाजूनं हात घालतात. ज्याचा हात आत, त्याला चावणार. डूख कसला आला? ही गोष्ट मी चक्कीवर सांगितली तेव्हा बायका हसल्या, आणि घरोघरच्या पुरुषांना ती फारशी आवडली नाही. देवमन, म्हणजे माझा नवरा, मला म्हणाला, "सापाची बाजू घेता घेता तू बायाईची घेऊन राह्यली."

अकरा वर्षांत माझ्याकडे चौतीस चावे जमले. त्यांत मला एक गोष्ट दिसली. सगळेच्या सगळे दिवाळी ते होळी या दिवसांतले. होळीनंतरचा एकही नाही. गंजीत कुटारी दिसल्याची नोंदसुद्धा होळीनंतर नाही. मग मी नियम काढला की होळीनंतर कुटारी गंजी सोडून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाते आणि कुटार निर्धोक होतं. नियम लोकांना आवडला, कारण तो लक्षात ठेवायला सोपा होता. दोन वर्षांत तो पाच गावांत गेला. एका लग्नात रिसोडकडच्या एका पाहुण्यानं मलाच तो समजावून सांगितला, शेजारी बसवून, वरण वाढून घेत. मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

यंदा धुळवडीनंतर अकराव्या दिवशी, सकाळी पावणेदहाला, वैजयंती चक्कीवर आली. ही तुळसाबाईची सून. हातात दळणाचा डबा नव्हता. सासूनं बोलावलं आहे, तिला उंदीर चावला आहे, पण हात सुजून राहिला आहे, असं तिनं सांगितलं. मी चक्कीचा पट्टा काढला आणि तशीच निघाले.

तुळसाबाई ओट्यावर बसली होती, हात पाण्याच्या बादलीत. तुळसाबाई म्हणजे माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, गावातली पहिली बाई जी मला वहीसाठी स्वतः होऊन नोंद द्यायला आली होती. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर दोन ठिपके होते, जवळजवळ. सूज मनगटाच्या वर आली होती.

"कव्हा चावलं?"

"साडेआठले असन. गंजीचा तळ भरत होतो. उंदीर होता वं, खाली घर करतात ते."

"पाह्यला का उंदीर?"

"पाह्यला नाही."

"काही वाजलं होतं का?"

तिनं जरा विचार केला. "खुळखुळलं. पण होळी तं झाली ना. तूच सांगतलं, होळीनंतर ते नसते."

ती असं म्हणाली आणि बाजूला थुंकली. थुंकी गुलाबी होती.

माझ्या वहीत हे लिहिलेलं होतं. आधी मुंग्या येतात, मग सूज, मग हिरड्यांतून रक्त. सव्वा तास तिनं उंदीर समजून घालवला होता, आणि तो माझ्या शब्दावर घालवला होता.

हात हलू नये म्हणून मी तिच्या कोपरापासून बोटांपर्यंत एक काठी लावून दुपट्ट्यानं सैल बांधली. कापायचं नाही, आवळायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच, एवढं सगळ्यांना माहीत आहे आता. तुळसाबाईचे मालक जगदेवभाऊ शेतातून आले. रवीचा ऑटो घेतला आणि आम्ही तिघं वाशीमला निघालो. वाटेत तुळसाबाईच बोलत होती. म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं, वैजयंतीला डाळ शिजवायला सांगायची राहिली. मी मधूनमधून तिचे ओठ पाहत होते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, कोणता साप. मी सांगितलं, कुटारी. त्यांना हे नाव माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सरळ म्हटलं, याचं मला बरं वाटलं. त्यांनी तुळसाबाईचं थोडं रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. म्हणाल्या, वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. रक्त गोठलं तर ठीक. नाही गोठलं तर समजायचं की विष रक्तात भिनलं आहे.

तुळसाबाई पलंगावरून त्या नळीकडे पाहत होती. "म्हणजे दही लावल्यासारखं," ती म्हणाली.

वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी नळी तिरपी केली. रक्त एका बाजूनं दुसऱ्या बाजूला पाण्यासारखं गेलं.

"नाही लागलं," तुळसाबाई म्हणाली. तिच्या आवाजात भीती कमी होती आणि स्वतःच्या हातचं विरजण बिघडल्यासारखी नाराजी जास्त होती.

मग धावपळ झाली. सापाच्या विषावरचं औषध सलाईनमधून सुरू झालं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे औषध काही ठरावीक सापांसाठीच बनतं, तुमच्या या सापावर चालतं की नाही ते मला सांगता येणार नाही. मी सांगितलं, आमच्या गावच्या गोमतीबाईला चार वर्षांपूर्वी चावली होती, आणि त्याच्या पुढच्या वर्षी एका मजूर बाईला. दोघींना हेच औषध दिलं होतं आणि दोघींचं रक्त सहा-सात तासांनी जमलं. पण त्या दोघी अर्ध्या तासात दवाखान्यात पोचल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, सहा तासांनी पुन्हा नळी भरू.

माझ्या वहीतलं कुणी डॉक्टर लिहून घेतं आहे, या दिवसाची मी किती वर्षं वाट पाहिली होती. आणि आता मला ती वही कुठेतरी लपवावीशी वाटत होती. कारण खरं तिच्यातूनच निघालं होतं आणि खोटंही तिच्यातूनच.

बाहेरच्या बाकड्यावर जगदेवभाऊ बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. मी त्यांच्या शेजारी बसले. सहा तास हा मोठा वेळ असतो. मी आधी रडले, मग थांबले, मग माझं डोकं आपल्या सवयीप्रमाणे चालायला लागलं. कुटारी होळीनंतर गंजीत असते हे आता दिसलंच होतं. मग अकरा वर्षं ती कुणालाच का दिसली नव्हती? चौतीसात एकदाही नाही?

मी विचारलं, "जगदेवभाऊ, यंदा तळ कायले भरत होते?"

त्यांनी सांगितलं ते असं. पांढऱ्या कोळशाचा कारखाना यंदा कुटार घेऊन राहिला आहे. त्याच्या दाबून कांड्या करतात आणि भट्टीत जाळतात. त्यांना ओलं, काळं, कुजलं सगळंच चालतं. गंजी पार भुईपासून खरवडून नेतात. वरचं कुटार ढोरांसाठी वाड्यात आणून टाकलं होतं, उरलेला तळ उद्या सकाळी गाडी येऊन नेणार होती. ठरल्याप्रमाणे भरायला सहा बायकाही येणार होत्या. तुळसाबाईनं म्हटलं होतं, थोडं मी आजच काढून ठेवतो.

"अन् याच्या आंधी? तळ कव्हा उचलला होता?"

"तळाले कोण हात लावते?" जगदेवभाऊ म्हणाले. "ढोरं त्याले तोंड लावत नाही. वखराच्या पाळीत तिथंच मातीत मिसळून जाते."

होळीपर्यंत प्रत्येकाची गंजी खाऊन खाऊन तळाला आलेली असते. आणि तळ, हात-दीड हात जाडीचा, कुजलेला, आम्ही पिढ्यान् पिढ्या तसाच सोडून देतो. होळीनंतर कुटारी कुठे जाते याचा मी शोध घेत होते. ती कुठेही जात नव्हती. जात होतो आम्ही. जिथे कुणाचा हातच पोचत नाही तिथे चावा कसा होणार, आणि चावाच नाही तर माझ्या वहीत तो येणार कुठून? कोऱ्या पानांवरून मी नियम काढला होता आणि पाच गावांना वाटला होता.

"जगदेवभाऊ," मी म्हटलं, "चूक माही आहे."

त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाले, "मले नको सांगू. तिले सांग."

पाच वाजता दुसरी नळी भरली. वीस मिनिटं मी घड्याळाकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या एका पालीकडे पाहत राहिले. तीही अळी शोधत होती बहुतेक. डॉक्टरीणबाईंनी नळी तिरपी केली. रक्त हललं नाही. त्यांनी ती आणखी तिरपी केली, पार आडवी केली, तरी ते आपल्या जागी घट्ट होतं. त्या मला म्हणाल्या, तुमची तिसरी नोंद. मी मान खाली घातली. तुळसाबाईला झोप लागली होती, तिला उठवून माझी चूक ऐकवणं बरं नव्हतं. जगदेवभाऊंनी मला गावाकडची बस दाखवली. म्हणाले, सकाळी गाडी येईल, बायका येतील, त्यांना काय सांगायचं ते तू सांग.

सकाळी मी देवमनला घेऊन त्यांच्या शेतात गेले. गाडी उभी होती. सहा बायका टोपली घेऊन आल्या होत्या, त्यांची मुकादम रंजीता. तुळसाबाईला काय चावलं ते गावभर झालंच होतं, पण त्यात निम्म्यांचं म्हणणं होतं की उंदरालाही विष असतं. रंजीतानं मला पाहिलं आणि हातातलं टोपलं खाली ठेवलं.

"ताई, आता तं नाही ना तळात?"

मला फार सोपं गेलं असतं, एक होती ती गेली असेल असं म्हणणं. मी सांगितलं की आहे. होळीचा जो नियम आहे तो चुकीचा आहे, तो मी काढला होता, आणि त्याच्यामुळे तुळसाबाई सव्वा तास घरी बसली.

रंजीता म्हणाली, "मंग आता कोणता नियम?"

"आता नियम नाही. तळाले हात लावू नका, इतकंच मालूम आहे."

गाडीवाला वैतागला. त्याचं म्हणणं, साप असता तर एवढ्या माणसांच्या आवाजानं पळाला नसता का? मी म्हटलं, काय माहीत, पाहू. आणि खरं सांगायचं तर मलाही पाहायचंच होतं. देवमननं लांब दांड्याचं दाताळं घेतलं, पायांत गमबूट घातले आणि गंजीच्या तळाची एक कड हळूच उचलून धरली, गोधडीची कड उचलतात तशी.

खालून वाफ आली. सकाळच्या गारव्यात ती डोळ्यांना दिसत होती. वरून काळं, कुजलेलं दिसणारं कुटार आतून ऊबदार होतं, शेणखताचा ढीग असतो तसं. आणि त्या उबेत कुटारी होती. दोन वेटोळी घालून, डोकं मधे. तिच्या भोवती काडेपेटीतल्या काड्यांएवढी पिल्लं. कुटारी अंडी घालते की पिल्लं, हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. आणि इथे अंड्याचं एक टरफलही नव्हतं, नुसती पिल्लं, अंग अजून ओलसर. त्यांचा रंग आईसारखाच होता, पण शेपट्यांची टोकं अशी पिवळीजर्द की हळदीत बुडवून काढावी. उजेड पडला तशी सगळ्यांनी ती टोकं वर केली आणि वळवळवायला लागली. समोर एवढी माणसं उभी, आणि ती पोरं आपली सरडे बोलावत होती.

गाडीवाला गाडीत जाऊन बसला होता. कुणीतरी पुरुषमाणूस बांधावरून काठी घेऊन आला. देवमननं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत रंजीताच म्हणाली, "राहू द्या भाऊ. बाळंतीण आहे ते."

काठीवाल्याला तरी ते पटलं असं नाही. त्यानं काठी खाली टेकवली आणि म्हणाला, बायाईच्या नादी लागलं की असंच होते. देवमननं कड पुन्हा अलगद खाली ठेवली. रंजीतानं बायकांना सांगितलं की तळ भरायचा नाही, इथलाही नाही आणि पुढच्या शेतातलाही नाही. गाडी वाड्यातलं थोडं कुटार घेऊन गेली.

दुपारी मी चक्की सुरू केली. जी बाई डबा घेऊन येईल तिला आधी चुकीचा नियम ऐकवायचा आणि मग दळण घ्यायचं, असं ठरवलं होतं. तिसऱ्या डब्याला वैजयंतीचा फोन आला. ती दवाखान्यात पोचली होती. सासू बोलते म्हणते, असं म्हणून तिनं फोन दिला. मी पट्टा काढला. चक्की थांबायला जरा वेळ लागतो, तोवर तुळसाबाई पलीकडे गप्प राहिली.

मी तिला सगळं सांगितलं. नियम कसा निघाला, तळाला कुणी हात कसा लावत नव्हतं, मी जे पाहिलं नाही ते नाहीच म्हणून कसं लिहून टाकलं.

"मले कालच समजलं," ती म्हणाली. "खुळखुळलं तव्हा मी हात मांगं घेतला होता बेबीताई. मंग तुही आठवण आली, अन् पुन्हा घातला."

मी काढलेला पट्टा खुंटीला अडकवला.

"हात लई दुखून राह्यला," ती म्हणाली, "म्हणून आज तुले काही म्हणत नाही. घरी आल्यावर म्हणीन. दोन-तीन दिवस म्हणीन."

"म्हण," मी म्हटलं.

मग मी तिला सकाळचं सांगितलं. वाफ, वेटोळी, पिवळी टोकं. ती ऐकत होती हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं.

"म्हणजे मी तिच्या पाळण्यात हात घातला," ती म्हणाली. "किती होते?"

"नऊ दिसले."

"अन् तिचा मालक कुठं होता?"

मी विचार केला. अकरा वर्षांत एका गंजीत मला दोन कुटाऱ्या कधी दिसल्या नव्हत्या. त्यावरून काहीतरी सांगता आलं असतं. जीभ त्या वाटेला लागलीही होती.

"मले मालूम नाही," मी म्हटलं.

पलीकडे वैजयंती काहीतरी खायला देत होती बहुतेक, चमच्याचा आवाज आला. तुळसाबाईनं तो घास खाल्ला, गिळला.

"मंग पाह्य," ती म्हणाली. "पण लांबून पाह्य."